विस्तवाला शेजार असतो

अंबाजोगाई,
वेळ अमावस्येनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,



तुझं पत्र येळवशीच्या आदल्या दिवशी हातात पडलं. घरात भज्जीच्या भाज्या निवडणं चाललं होतं, अंबिलीचा माठ भरायचा होता, उंडे व्हायचे होते. तेव्हा नुसतं वरवर वाचलं. आज सगळी गडबड निवली, अंगणात उन्हाला बसून पुन्हा सावकाश वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं.

टेक्सासच्या तुझ्या परसात मोठा स्मोकर आलाय, बारा-बारा तास मंद धुरावर मांस शिजवतोस, हे वाचून बरं वाटलं. संक्रांतीनंतर गावी येशील तेव्हा दहावीच्या सगळ्या तुकडीला बोलवायचं, इथेच बॅरलचा स्मोकर करून घ्यायचा आणि बोकडाचं मटण तसंच करून वाढायचं, असा तुझा बेत. माणसं सव्वाशे ते दीडशे. आणि पत्राच्या शेवटी तुझा प्रश्न : आपल्याकडे याला नियम काय, परवानगी कुणाची?

तू हे आधी विचारलंस याचं मला फार मोल वाटलं. आपल्याकडे आधी जाळ पेटतो आणि प्रश्न मागाहून येतात. म्हणून जरा लांबण लावून लिहितो. कंटाळू नकोस.

पहिली गोष्ट जळणाची, कारण तिथे तुझं-माझं नातं आहे. तू लिहितोस, तुमच्याकडे धुरासाठी मेस्किटचं लाकूड वापरतात. अरे, ती आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. रस्त्याच्या कडेला, नदीपात्रात, पडीक रानात जिने पाय पसरलेत ती वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली आणि तुमच्या मेस्किटच्याच कुळातली. तुम्ही जी चवीसाठी पिशवीत भरून विकत आणता, तिचीच भावकी इथे आयाबाया काटे काढत मोळीने वाहून आणतात. बाभळीचा इंगळ किती वेळ टिकतो, ते लहानपणी तूही पाहिलं आहेस.

आता नियम. 'स्मोकर' किंवा 'बार्बेक्यू' या नावाने कायद्याचं पान शोधत बसू नकोस. आपल्याकडे कायदा विस्तवाकडे बघतो, तो कशात पेटवला याकडे बघत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २८७ प्रमाणे आगीशी किंवा जळाऊ वस्तूशी असं बेफिकीर वागणं, ज्याने माणसाच्या जिवाला धोका होईल, हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे काही नवं नाही. १८६० च्या जुन्या दंड संहितेतही हा गुन्हा २८५ व्या कलमात होता. त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : आपल्या ताब्यातल्या आगीची पुरेशी काळजी न घेणं हासुद्धा गुन्हाच धरला आहे. म्हणजे पेटवणाऱ्याइतकाच, न विझवता उठून जाणाराही जबाबदार.

दुसरा नियम धुराचा. रोजच्या धुराने आसपासच्या लोकांना जगणं अवघड होत असेल तर तो सार्वजनिक उपद्रव ठरतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी तो बंद करण्याचा आदेश देऊ शकतात. एखाद्या दिवसाच्या जेवणावळीला कुणी इतकं ताणत नाही. पण रोज भट्टी लावणाऱ्या ढाब्याला, हॉटेलाला हे लागू पडतं.

तुमच्याकडे हे सगळं मोजून-मापून लिहिलेलं असतं, असं तू म्हणतोस. अमेरिकेत अनेक शहरांनी स्वीकारलेल्या अग्निसंहितेत एक ढोबळ माप आहे : अपार्टमेंटच्या इमारतीत जळू शकेल अशा बांधकामापासून दहा फुटांच्या आत कोळशाची शेगडी पेटवायची नाही, लाकडी बाल्कनीत तर नाहीच. आणि दुष्काळ पडला की टेक्सासमधल्या काउंट्या उघड्यावर आग लावायला बंदी घालतात. दुष्काळ आणि विस्तव यांचं गणित तिथल्या गुराखी मुलखाने कागदावर मांडलं. बीड जिल्हाही दुष्काळाचाच. आपल्याकडे ते गणित कागदावर कमी आणि हातांच्या सवयीत जास्त होतं.

आठव तुझ्या वडिलांची हुरड्याची आगटी. मी ती परवा पोरांना सांगत होतो. जागा निवडायची ती नांगरटीच्या मोकळ्या मातीत. उभ्या पिकाजवळ नाही, बांधावरच्या वाळल्या गवताजवळ तर मुळीच नाही. आधी मूठभर माती हवेत सोडून वारा कुठला ते बघायचं. मग हातभर खड्डा, निघालेली माती खड्ड्याच्या कडेला वाऱ्याच्या अंगाला लावून ठेवायची. तीच वाऱ्याचा आडोसा आणि तीच शेवटी झाकण. शेणाच्या गोवऱ्या रचायच्या, जाळ बसू द्यायचा, आणि मग फुफाट्यात कणसं खुपसायची. ज्वाळेवर हुरडा भाजला तर करपतो. फुफाट्यात भाजला की हिरवा, गोड, वाफाळता निघतो. गोणपाटावर गरम गरम चोळायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. पोटं भरली की कुणी लगेच उठायचं नाही. तुझे वडील घागरभर पाणी स्वतः ओतायचे, काठीने राख उलथीपालथी करायचे, पुन्हा पाणी, आणि वर ती बाजूला ठेवलेली माती. मग पालथा हात राखेवर धरून बघायचे. ऊब लागली की पुन्हा पाणी.

आपण तेव्हा घरी पळायला उतावीळ असायचो. ते मात्र हात धरून बसलेले. मित्रा, एवढं नीट लिहिलेला नियम मला अजून कुठल्या कायद्यात सापडलेला नाही.

ही सवय तुटली की काय होतं, ते मागच्या धुळवडीला डोळ्यांनी पाहिलं. धुळवडीला आपल्याकडे शेताशेतांत मटणाचे बेत असतात, तुला ठाऊकच आहे. आमच्या वावराला लागून एका मळ्यात शहराकडून दहा-बारा पोरं आली होती. लोखंडी जाळीची शेगडी, पिशवीतला कोळसा, मसाला लावलेलं मटण, सगळं सोबत. खाऊन-पिऊन तीनच्या सुमाराला निघाली. जाताना शेगडी बांधाच्या कडेला पालथी केली. वरून राख पांढरी दिसत होती, त्यांना वाटलं विझली. फाल्गुनातलं दुपारचं वारं कसं असतं! तासाभरात राख उडाली, खालचा इंगळ उघडा पडला, बांधावरचं गवत धरलं आणि जाळ सरळ शेजारच्या कडब्याच्या बनमीला जाऊन भिडला. आम्ही ओली पोती घेऊन धावलो, कुणी फावड्याने माती टाकली, कुणी मोटार चालू करायला पळालं. विजेची वेळ नव्हती. बनीम गेली. हजारभर पेंढ्या. गोठा वाचला, जनावरं सोडून दिली म्हणून वाचली.

पोरं वाईट नव्हती. निरोप गेल्यावर दुसऱ्या दिवशी परत आली, हात जोडले, पैसे दिले. पण चैत्र-वैशाखात कडबा पैशाने तरी कुठे मिळतो? ज्याची बनीम गेली त्याने दोन महिन्यांनी बैलजोडीतला एक बैल विकला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच वाक्य बसलंय : विस्तव कधी एकट्याचा नसतो, त्याला शेजार असतो. आगीबद्दलचा कुठलाही नियम उलगडून बघ, आत शेजाऱ्याची काळजीच सापडते.

हे धरून आता तुझ्या बेताचं एकेक सांगतो.

जागा. तू पत्रात डोंगरावर, देवळाच्या मागच्या झाडीत करू म्हणालास. ते मनातून काढून टाक. बालाघाटाच्या उतारावरची बरीच रानं वनखात्याची आहेत. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या २६ व्या कलमाप्रमाणे राखीव वनात आग लावणं, वनाला धोका होईल अशी पेटती सोडून येणं, किंवा मनाई असलेल्या काळात नुसता विस्तव घेऊन फिरणंही गुन्हा आहे. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्याला तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागू आहे. तिथे लांडोर जमिनीवर, गवतात अंडी घालते. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनखातं वणव्याचा हंगाम धरतं, त्याआधी जाळरेषा काढतं. त्याच उतारांवर आपल्या बीडच्या सीताफळाची झुडपं आहेत, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वणवा गेला की त्या झुडपांना पुन्हा फळावर यायला वर्षं लागतात. कुठे रानात धूर दिसलाच तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लक्षात ठेव. गावात आग लागली तर १०१ किंवा ११२.

तेव्हा जेवण आमच्याच वावरात, तूर काढून मोकळ्या झालेल्या तुकड्यात करू. मी आधी दोन पाळ्या घालून ठेवतो.

माणसं. दीडशे माणसांचा मेळावा म्हटला की घनकचरा नियमांतली एक अट आठवावी : शंभरावर माणसं जमणार असतील आणि जागा त्यासाठी परवान्याची नसेल, तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, आणि कचरा वेगळा करून द्यायचा. ग्रामपंचायतीला मी साधा अर्ज देईन. पत्रावळी पळसाच्या घेऊ. उष्टं जनावरांना आणि उकिरड्याला जाईल, आणि प्लास्टिकचे ग्लास आणायचेच नाहीत. आणलेच तर कुणीतरी ते शेवटी आगटीत टाकतो आणि तो विषारी धूर आपलीच नातवंडं ओढतात. कचरा जाळणं त्या नियमांनी मना आहे.

आचारी लावला तर त्याच्याकडे अन्नपरवाना आहे का ते विचारून घेऊ. अन्नसुरक्षेच्या नियमांत धार्मिक वा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यालाही नोंदणी सांगितली आहे. हरिनाम सप्ताहाच्या पंगतींसाठी आपल्याकडे हजारो माणसांचा स्वयंपाक उघड्यावर, चरात जाळ घालून होतो, तिथेही मंडळींनी ही नोंदणी केली तर फार चांगलं. आणि भात-आमटीला गॅस लागलाच, तर घरची १४.२ किलोची लाल टाकी धंद्यावरच्या आचाऱ्याने वापरायची नाही. व्यवसायाची १९ किलोची निळी टाकी वेगळी असते. टाकी कधीही जाळाच्या बाजूला, उन्हात, आडवी ठेवायची नाही.

शेजार. आमच्या वावराच्या पूर्वेला माळकरी घर आहे. म्हातारी बाई पंढरीची वारी करते. दिवस ठरवताना एकादशी टाळू, आणि मी आधी जाऊन सांगून येईन. धूर त्यांच्या अंगणाकडे जाणार असेल तर स्मोकरची जागा बदलू. पौष-माघात संध्याकाळी हवा पडते, धूर वर न जाता गावावरच पसरून राहतो. म्हणून पहाटे पेटवून दुपारी वाढायचं. दम्याचा माणूस, तान्हं मूल असलेलं घर, यांची आठवण ठेवायची. धुराचं गांभीर्य आता न्यायालयंही घेतात. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि महापालिकेने कोळशाचे तंदूर असलेल्या हॉटेलांनाही नोटिसा धाडल्या. मुंबईच्या पावाची चव लाकडाच्या भट्टीशी जोडलेली, म्हणून लोक हळहळले. पण त्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या छातीचा विचार कुणीतरी करायलाच हवा होता.

बॅरल. इथला लोहार बनवून देईल, मी बोललोय. पण बॅरल कशाचं होतं, ते आधी पाहू. कीटकनाशकाचं, रसायनाचं बॅरल कितीही धुतलं तरी नको. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको, तापला की त्याची वाफ बाधते. लाकूड पुरतं वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर मटणाला कडवटपणा आणतो आणि डोळ्यांनाही झोंबतो. तू सव्वादोनशे-अडीचशे फॅरनहाइट म्हणतोस, म्हणजे आपल्या मापाने १०७ ते १२१ अंश सेल्सिअस. इतक्या मंद आचेला बारा तास राखण लागते. ती पाळीपाळीने आपण दोघं करू. रात्री थंडी वाजली म्हणून शेगडी कोपीत घेऊन झोपायचं नाही, हे मात्र सगळ्यांना बजावून सांगायचं. कोळशाच्या बंद धुपणीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि दर हिवाळ्यात त्या नव्याच वाटतात.

बायकांनी, पोरींनी पदर-ओढण्या खोचून घ्यायच्या. कुणाला भाजलं तर टूथपेस्ट, शाई, हळद काही लावायचं नाही. वीस मिनिटं गार पाणी सोडायचं, आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठायचं.

इथवर लिहिलं आणि हात थांबला. कारण उघड्यावर शिजवणं तुझ्या-माझ्यासाठी सण आहे, पण आपल्याच जिल्ह्यातल्या कितीतरी घरांसाठी ती अर्ध्या वर्षाची सक्ती आहे. दसरा-दिवाळी झाली की वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर, आष्टीकडून गाड्या भरून माणसं ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक. तिथे पाचटाच्या, पालाच्या कोप्या, एकीला एक लागून. कोपीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल. कोयता धरायच्या आधी, पहाटे तीनला बाई उठते आणि त्या चुलीवर दोन वेळच्या भाकरी थापते. जळण म्हणजे पाचट, जे कागदासारखं पेटतं. शेजारीच पाळणा. एका चुलीची ठिणगी उडाली तर कोप्यांची रांगच्या रांग जाते. आणि जळतं काय? उचल घेऊन केलेला संसार, धान्याचं पोतं, पोरांची पुस्तकं.

आपल्या जेवणावळीसाठी आपण पाण्याची घागर, मातीचा ढीग, वाऱ्याची दिशा सगळं बघणार. मग त्या तळांवर दोन कोप्यांत चार पावलांचं अंतर, चुलीला मातीची भिंत, भरलेलं एक बॅरल पाणी आणि गॅसची सोय, एवढं का असू नये? विस्तवाचा शेजार तिथे सर्वांत जवळचा आहे, तर नियमही तिथेच सर्वांत आधी पोचला पाहिजे. कारखाने, मुकादम आणि सरकार, तिघांनी मिळून हे करायला हवं, आणि ते परवडणारं आहे. मी हे बोलत राहणार आहे, आणि तू आलास की तुझाही आवाज मला हवा आहे.

म्हणून एक मागणं. तू संक्रांतीनंतर येतोयस, तर २६ जानेवारीपर्यंत थांब. त्या दिवशी ग्रामसभा असते. मी एक ठराव मांडणार आहे, अगदी साधा : गावाच्या शिवारात कुणीही, गावचा असो वा पाहुणा, उघड्यावर विस्तव पेटवेल तर मोकळ्या मातीत पेटवेल, गंजीपासून आणि गोठ्यापासून लांब पेटवेल, शेजाऱ्याला आधी सांगेल, पाणी जवळ ठेवेल, आणि राखेवर हात धरून पाहिल्याशिवाय जागा सोडणार नाही. सात-आठ ओळी. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेऊ, आणि तोडीला जाणाऱ्या प्रत्येक टोळीच्या हातात त्याचा कागद देऊ. शेवटची ओळ तुझ्या वडिलांचीच आहे, असं सभेत तू सांग.

मटण तू कर, हुरडा माझ्याकडे. गूळभेंडी ज्वारीच्या दोन ओळी मी खास राखून ठेवल्यात. आणि उठण्याआधी राखेवर आपण दोघं हात धरू.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र